पडदे रंगवणाऱ्यांचा कॅमेरा

पडद्यावर चित्र फेकणारं यंत्र आणि चित्र टिपणारं यंत्र ही तशी सख्खी भावंडं. दोन्हींत फिल्मची पट्टी दातेरी चाकावरून सरकते, भिंगासमोर क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, पट्टी पुढे जाते. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. फरक म्हणावा तर एवढाच. पण हा एवढासा फरक पितळेत उतरवायला कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्या दोघा भावांना काही वर्षं लागली, आणि त्यातल्या एकाला ते काम पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही.

आनंदराव आणि बाबूराव. आडनाव मेस्त्री, पण सगळं कोल्हापूर त्यांना पेंटर म्हणायचं, आणि इतिहासानेही तेच नाव ठेवून घेतलं. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. कुठल्या कलाशाळेत ते गेले नाहीत, हात घरातच बसला. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवावेत ते पेंटर बंधूंनीच, असा त्यांचा लौकिक होता. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांचे, गुजराती-पारशी कंपन्यांचेही त्यांचे.

नाटकाचा पडदा म्हणजे काय काम असतं, हे आज सांगावं लागेल. सरसात कालवलेले भुकटीचे रंग, पुरुषभर उंचीच्या वर जाणारं कापड, आणि त्यावर कधी राजवाडा, कधी अरण्य, कधी बंदिशाळा. जवळून पाहिलं तर नुसते फराटे. पण दिवे लागले आणि पिटातल्या शेवटच्या रांगेतून पाहिलं की खांबामागे खांब, कमानीमागे कमान, असा राजवाडा आत आत जातो. सपाट कापडाला खोली द्यायची, आणि ती कोणत्या उजेडात, किती अंतरावरून दिसणार हे आधीच डोक्यात धरून द्यायची. सिनेमाच्या दिग्दर्शकाला लागणारी निम्मी विद्या ती हीच. ती बाबूरावांकडे कॅमेरा बघण्याआधी आलेली होती.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पेंटर बंधूंना सिनेमाचं वेड लागलं ते तिथून. मात्र वेड लागणं आणि सिनेमा काढणं यांत मोठी दरी होती. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्यांच्याही हालअपेष्टा खऱ्याच, पण निदान लंडनचं तिकीट त्यांना काढता आलं. पेंटर बंधूंनी आधी सिनेमा दाखवण्याचा धंदा करून पाहिला. दाखवणं म्हणजे प्रोजेक्टर हाताळणं आलं. त्याच दिवसांत युरोपात महायुद्ध पेटलं. कॅमेरा, कच्ची फिल्म, रसायनं, सगळं बाहेरून यायचं, आणि त्याची टंचाई मुंबईतसुद्धा जाणवत होती. कोल्हापूरची गोष्टच सोडा. तेव्हा दोघा भावांनी ठरवलं की कॅमेरा आपणच करायचा.

इथे थोडं यंत्रात शिरायला हवं, नाहीतर ‘त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला’ हे वाक्य आपण नुसतं कौतुकाने वाचून पुढे जातो. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म सरकली पाहिजे. सरकली पाहिजे म्हणजे सतत वाहता कामा नये, प्रत्येक चित्रापाशी थबकली पाहिजे. आकड्याने झडप घालून फिल्मच्या कडेची भोकं पकडायची, पट्टी एक चित्रभर ओढायची, सोडायची, आणि ती हलत असेल तेवढा वेळ उजेड बंद ठेवायचा. एक चित्र इंचभर रुंदीचं. बारा फुटांच्या पडद्यावर ते दीडशे पटींनी मोठं होतं. म्हणजे यंत्रात पट्टी केसभर इकडेतिकडे झाली तरी पडद्यावरचा देव बोटभर थरथरणार. हे काम घड्याळजीचं. करणारे मात्र होते रंगारी, आणि आसपासची हत्यारं लोहार-सुताराची.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते पुढे उचललं ते त्यांचा मुख्य शागीर्द विष्णुपंत दामले याला बरोबर घेऊन. हेच ते दामले, ज्यांचं नाव पुढे प्रभात फिल्म कंपनीमुळे घरोघर झालं. त्यावेळी ते पडद्यांच्या कामात हाताखाली होते आणि त्यांना यंत्रांची उपजत जाण होती. १९१८ मध्ये कॅमेरा चालू लागला. गंमत अशी की बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना मानली जाते १ डिसेंबर १९१७ ला. म्हणजे कॅमेरा धड हाती यायच्या आतच कंपनीची पाटी लागली होती.

अशा गोष्टी सांगताना आपल्याकडे एक सूर आपोआप लागतो. काही नव्हतं, तरी केलं. मला हा सूर पटत नाही. बाबूरावांकडे पैसा नव्हता हे खरं, पण त्यांच्याकडे कोल्हापूर होतं. शाहू महाराजांचं कोल्हापूर. महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्त्यांचं मैदान उभं केलं, त्याला लागूनच पॅलेस थिएटर बांधवून घेतलं. रंगभूमीला, मल्लांना, गवयांना, चित्रकारांना तिथे आश्रय होता. आबालाल रहिमानसारखा चित्रकार त्याच गावात रंकाळ्याच्या काठी चित्रं काढत होता. पौराणिक चित्रपटाला काय लागतं? भीम आणि कीचक शोभतील असे देह लागतात. ज्या गावात पेठेपेठेत तालीम आहे, तिथे त्यांना तोटा कसला? पोशाख लागतात, मुकुट लागतात, गदा लागतात. नाटक मंडळ्यांमुळे ते करणारे हात गावात होतेच. पैसा लागतो. तोही आला, आणि कुठल्या शेठजीकडून नव्हे, तर तानीबाई कागलकर या गायिकेकडून. एका गाणाऱ्या बाईने, जिच्या पैशाला समाजात मान नव्हता, तिने ज्या धंद्यालाही मान नव्हता त्यात तो घातला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात तिला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

साधनं कमी होती ती नेमकी कुठे, हेही पाहायला हवं. सगळ्यात मोठी चणचण होती बायकांची. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्यामुळे वाट मोकळी झाली नव्हती. बाबूरावांनी पहिल्या चित्रपटासाठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना उभं केलं. त्यांची पडद्यावरची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. नावं बदलावी लागली यातच सगळं आलं.

तो पहिला चित्रपट म्हणजे ‘सैरंध्री’. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. विराटाच्या दरबारात सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा कीचक, आणि भीमाच्या हातून त्याचा वध. हा विषय मराठी प्रेक्षकाला नुसता महाभारतातला नव्हता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांनी कीचकाच्या जागी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला पाहिलं होतं, आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर मरत होता, आणि तोंडातून एक अक्षर न काढता. मूकपटाला संवाद नसतात, त्यामुळे पकडायला वाक्य सापडत नाही. वधाचा प्रसंग बाबूरावांनी असा घेतला की थिएटरात बायका घेरी येऊन पडल्याच्या कथा कोल्हापूर-पुण्यात वर्षानुवर्षं सांगितल्या जात. शेवटी तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

‘सैरंध्री’मुळेच हिंदुस्थानात सेन्सॉर आला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते जसंच्या तसं घेऊ नये. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा, बाबूरावांचा कॅमेरा नुकता चालू लागला त्या वर्षीचा. मंडळं १९२० मध्ये बसली, हा योगायोग लोकांनी जोडून घेतला. तरी एक खरं: एका पडदे रंगवणाऱ्याचा पहिलाच प्रयत्न सरकारच्या डोळ्यावर यावा इतका खरा वाटला होता.

खरा वाटला तो कशामुळे? मला वाटतं, याचं उत्तर मघाच्या पडद्यांतच आहे. त्या काळी चित्रण उघड्यावर, सूर्यप्रकाशात होई. मागे नाटकातल्यासारखा रंगवलेला पडदा टांगत. वारा आला की राजवाडा हलायचा. पडदे रंगवण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, त्याच माणसाने पहिल्यांदा हा पडदा टाकून दिला. बाबूरावांनी खांब उभे केले, भिंती उभ्या केल्या, माणसं ज्यात राहतात अशी घरं उभी केली. आपल्या हुकमी विद्येचा मोह टाळणं फार अवघड. पडद्याचं कसब ज्याला पुरतं ठाऊक होतं, त्यालाच ते कॅमेऱ्यापुढे कुठे उघडं पडतं हेही कळलं असणार.

प्रसंग आधी कागदावर उतरे. पात्राचा पोशाख, त्याची उभं राहण्याची ढब, हालचाल, सगळ्याची रेखाचित्रं बाबूराव करत. फिल्म महाग, ती आठवड्यांच्या वाटेने यायची. कागद आणि पेन्सिल स्वस्त. शिवाय एक अडचण अशी होती जी चित्रकारालाच जास्त बोचावी. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू काळं उमटायचं, लाल शालू काळा, निळं आभाळ पांढरंफटक. म्हणजे उभा जन्म रंगात घालवलेल्या माणसाला आता समोरचा रंग विसरून तो करड्याच्या कोणत्या छटेत उमटेल याचाच विचार करायचा. शालू कोणता नेसवायचा हे डोळ्याने नव्हे, फिल्मच्या डोळ्याने ठरवायचं.

कंपनीत कामाची वाटणी नावापुरतीच. साहेबमामा फत्तेलाल चित्रकार, पण कॅमेराही चालवत. दामले यंत्रं बघत, रसायनं बघत, कॅमेऱ्यामागेही उभे राहत. १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीने तिथे आला. त्याआधी गंधर्व नाटक मंडळीत आणि हुबळीत पडेल ते काम करून झालेलं. इथेही तेच. झाडलोट, ओझी उचलणं, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं, सेट लावणं, आणि मधूनच तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं. १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये तो कृष्ण झाला, १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा. माणसं ठेवायला पैसा नाही म्हणून प्रत्येकाने सगळं करायचं, आणि सगळं करता करता प्रत्येकाला सगळं येऊ लागायचं. त्या काळी या देशात चित्रपट शिकवणारी शाळा नव्हती. होती ती ही, फी न घेणारी आणि पगारही जेमतेम देणारी.

‘सिंहगड’ हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. तानाजी कडा चढतो ती काळोखी रात्र आहे, आणि चित्रण तर उन्हात करायचं. तेव्हाचा सर्रास तोडगा म्हणजे भर दुपारी चित्रण करायचं आणि नंतर फिल्म निळ्या रंगात बुचकळून तिला रात्र म्हणायचं. बाबूरावांनी विजेचे दिवे लावले. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो. अंधार दाखवायचा तर आधी उजेड आपल्या ताब्यात हवा, हे त्यांना कळलं होतं. सूर्य कुणाचं ऐकत नाही. चित्रपटाला गर्दी अशी लोटली की त्यामुळेच मुंबई सरकारला करमणूक कर सुचला, अशी आणखी एक दंतकथा आहे. कर १९२३ सालचाच आहे, पण बंगालने तो आदल्या वर्षीच बसवला होता, आणि तिथे काही तानाजी कडा चढला नव्हता.

गर्दी आपोआप होत नाही, हेही बाबूरावांना ठाऊक होतं. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेली पुस्तिका छापून वाटणारे ते पहिलेच. जाहिरातीची चित्रं स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही उपलब्ध आहे, आणि भारतातल्या सगळ्यात जुन्या टिकलेल्या चित्रपट-पोस्टरांत त्याची गणना होते. चित्रपट हरवला, जाहिरात उरली. नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, नाहीतर डब्यातच कुजते. हिंदुस्थानातल्या मूकपटांचं बहुतेक सगळं धन असंच गेलं.

यात गेलेल्या एका चित्रपटाची हळहळ मला सगळ्यात जास्त आहे. ‘सावकारी पाश’, १९२५. आधीच्या ‘सिंहगड’चे लेखक हरी नारायण आपटे, आणि याचे नारायण हरी आपटे. नावं उलटसुलट, माणसं दोन, आणि या दोघांत गल्लत करणारे अभ्यासकही कमी नाहीत. पुढे शांतारामांनी ‘कुंकू’ काढला तो या दुसऱ्या आपट्यांच्या कादंबरीवर. ‘सावकारी पाश’ची गोष्ट साधी आहे. एक शेतकरी, त्याचं कर्ज, सावकाराच्या हाती गेलेली जमीन, आणि शेवटी पोटासाठी गाठलेलं शहर, गिरणी. शेतकरी झाला होता शांताराम.

१९२५ साली या देशातल्या पडद्यावर देव होते, राजे होते, राक्षस होते. मराठी मुलुखाला सावकार नवा नव्हता. १८७५ मध्ये सुप्याला पेटलेले दंगे आणि चार वर्षांनी झालेला दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा, हे सगळं आजोबांच्या आठवणीतलं होतं. गावोगाव तेच चाललं होतं. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे हजारो हात असेच घाटावरून, कोकणातून उतरलेले होते. पण ते कोणी पडद्यावर आणलं नव्हतं, कारण ते पाहायला पैसे देऊन कोण येणार? बाबूरावांनी आणलं. ज्या हाताने मुकुट रंगवले, त्याच हाताने फाटकं घोंगडं आणि गळकं छप्पर उभं केलं. वास्तववादी म्हणावा असा भारतातला हा पहिला चित्रपट, असं जाणते म्हणतात. आणि प्रेक्षक? जे आपल्या घरात आहे ते पाहायला तो फारसा आला नाही. कंपनीला पगार करायचे होते. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले.

तिथून पुढची वर्षं थोडक्यात सांगण्याजोगी. शिष्य हाताशी आले होते. १९२७ मध्ये शांताराम आणि केशवराव धायबर यांनी ‘नेताजी पालकर’ केला, पुढच्या वर्षी दामले-फत्तेलालांनी ‘कर्ण’. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी पाचवे मिळाले, आणि त्याच कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. बाबूरावांच्या कंपनीचा कणाच निघून गेला. १९३१ मध्ये बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. प्रभात दोन वर्षांनी पुण्याला गेली. बाबूराव कोल्हापुरातच राहिले. कुंचला होता, शिल्पाची माती होती. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी बोलपट केले. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला, त्यात दिग्दर्शक म्हणून गुरू आणि शिष्य अशी दोन्ही नावं आहेत. शेवटचा चित्रपट १९५२ चा ‘विश्वामित्र’. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. दुचाक्यांच्या गर्दीत मान वर करून पाहणारे थोडेच.

पण त्यांच्या उत्तरायुष्यातल्या १९३६ या एका सालापाशी मी नेहमी थांबतो. त्या वर्षी बाबूराव ‘सावकारी पाश’कडे परत गेले. तोच आपट्यांचा विषय, तोच शेतकरी, तेच कर्ज, आणि आता आवाजासह. एकदा जो विषय चालला नव्हता तोच. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनातून त्यातलं एक दृश्य शेवटपर्यंत गेलं नाही: लांबवरून टिपलेली एक उदास झोपडी, जेमतेम उजेड, आणि त्या अंधारात फक्त एका कुत्र्याचं रडणं. संवाद नाही, गाणं नाही. बोलपट हाती आल्यावर बाकीचे पदांमागून पदं घालत होते, आणि या माणसाने त्या दृश्यात आवाज वापरला तो एवढाच.

त्याच वर्षी पुण्यात त्यांच्या दोन जुन्या शागिर्दांनी, दामले आणि फत्तेलाल यांनी, ‘संत तुकाराम’ पुरा केला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. देहूच्या त्या वाण्याच्या घरातही सावकारी होती. आपल्या वाट्याची कर्जखतं त्याने इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते.